फोंड्याचं खिंडार, तीन नियमावल्या

[दृश्य: बाहेर पाऊस, सोप्यावरच्या टेबलावर चौकोन आखलेला कागद]

फोंडा तालुक्यातल्या एका घराचा हा सोपा. कागदावर अडीच सेंटीमीटरचे चौकोन, एक चौकोन म्हणजे ५ फूट. चिंचोके पोर्तुगीज, बुद्धिबळातली पांढरी प्यादी मराठे. प्रसंग १६८३ चा: व्हाइसरॉयच्या तोफांनी फोंड्याच्या किल्ल्याला खिंडार पाडलंय आणि येसाजी कंकांची माणसं ते अडवून उभी आहेत. आपल्या कागदावर हे खिंडार दोन चौकोन रुंद. चार खेळाडू, आणि शत्रूची बाजू चालवणारा एक गेम मास्टर. लढाई तीच, पण ती तीन वेगवेगळ्या रोल-प्लेइंग खेळांच्या नियमांनी खेळणार. या खेळांत प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि वार लागला की नाही ते फासा ठरवतो.

[दृश्य: वीस बाजूंचा फासा, जवळून]

आधी डंजन्स अँड ड्रॅगन्स, २०१४ ची पाचवी आवृत्ती. आपल्या तलवारबाजाचा बोनस, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, ५. समोरच्या शिपायाचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५. फाशावर १० किंवा त्याहून जास्त पडले की वार लागला. शंभरात ५५ वेळा लागतो. इजा आठ बाजूंच्या फाशाची, अधिक ३, म्हणजे सरासरी साडेसात. शिपायाचे हिट पॉइंट, म्हणजे पडेपर्यंत तो सोसू शकेल तेवढी इजा, २२, तेव्हा त्याला पाडायला पाच-सहा फेऱ्या जातात. आणि २२ वर असताना तो जेवढ्या जोमानं लढतो, तेवढ्याच जोमानं १ उरल्यावरही. १९७४ च्या मूळ खेळाचे सहनिर्माते डेव्ह आर्नेसन यांनी सांगितलं होतं की आर्मर क्लास आणि हिट पॉइंट त्यांनी जहाजांच्या लढाईच्या नियमांतून घेतले. जहाज गोळे खात तरंगत राहतं आणि शेवटी एकदम बुडतं. शिपायाचंही तसंच.

[दृश्य: टोकाला बसलेली खेळाडू, हातात पेन्सिल]

आता हिच्याकडे बघा. हिच्यावर वार झाला, हिनं सात वजा केले, संपलं. फासा गेम मास्टरनं टाकला. प्रत्येकानं दोन मिनिटं घेतली तरी हिची पाळी आठ-दहा मिनिटांनी येणार. वाराचा आणि इजेचा फासा एकत्र टाकला, पुढच्याला आधीच सावध केलं, तर हा वेळ बराच कमी होतो.

[दृश्य: प्रत्येकासमोर आगपेटीच्या तीन काड्या]

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती, २०१९. पाळीला तीन कृती, म्हणून तीन काड्या. कृती केली की काडी बाजूला. नवखा खेळाडू तिन्ही काड्या वारावर उधळतो. पहिल्या पातळीचा फायटर, बोनस ९, समोर आर्मर क्लास १६: पहिला वार ७० टक्के लागतो. दुसऱ्याला ५ वजा, ४५ टक्के. तिसऱ्याला १० वजा, उरले २०. तीच काडी ढाल उचलायला वापरली तर पुढच्या पाळीपर्यंत आर्मर क्लास २ नं वाढतो. इथे आर्मर क्लासपेक्षा १० किंवा त्याहून जास्तनं वर गेलेला वार दुप्पट इजा करतो, त्यामुळे ढालीचे हे २ दोनदा कामाला येतात. शिवाय उचललेल्या ढालीवर घाव झेलता येतो: पोलादी ढाल ९ पैकी ५ शोषते, उरलेले ४ तुम्हालाही लागतात आणि ढालीलाही. बरेच जण ढाल आधी उचलायची असते हेच विसरतात.

[दृश्य: समोरासमोर दोन हात, दोघांकडे फासे]

आणि हा रूनक्वेस्ट, १९७८. इथे चित्र सावकाश चालवलंय, कारण फासे दोघांच्याही हातात आहेत. नियम लिहिणाऱ्यांत प्रमुख स्टीव्ह पेरिन. १९६६ साली बर्कलीत सुरू झालेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझमचे ते संस्थापक सदस्य. या संस्थेत माणसं चिलखत चढवून वेताच्या तलवारींनी खरोखर भिडतात. त्या मैदानाची ओळख नियमांत पानोपानी दिसते.

दोघांचं तलवारीचं कौशल्य ६० टक्के. मारणारा शंभराचा फासा टाकतो: ६० किंवा कमी, वार बरोबर, १२ किंवा कमी, खास वार, ३ किंवा कमी, जिव्हारी. मग झेलणारा टाकतो. त्याचाही फासा बसला तर घाव बहुतेक वेळा त्याच्या तलवारीवरच अडतो. हुकला तर वीस बाजूंचा फासा घाव कुठे बसला ते ठरवतो.

[दृश्य: फासा घरंगळतो, १४ वर थांबतो]

१३ ते १५, उजवा हात. हाताचे हिट पॉइंट ४, बाहीचं चिलखत २. इजा ७ आली. ५ आत गेले. हात निकामी, तलवार खाली.

अडचण अशी की ६०-६० च्या जोडीत न अडता लागणारे वार शंभरात जेमतेम २४. एकास एक लढत रेंगाळते आणि नवीन मंडळी इथेच कंटाळतात. पण २०१८ च्या आवृत्तीत एकाच फेरीत दुसरा वार झेलताना कौशल्यातून २० वजा होतात, तिसऱ्याला ४०. म्हणजे २४ चे ३६ होतात, मग ४८. खिंडारात दोघं खांद्याला खांदा लावून उभे आहेत तोवर तट टिकतो. एक पडला की दुसऱ्याच्या अंगावर तिघं येतात. ते दोन चौकोन इतके मोलाचे का, हे या टेबलावर आकड्यांतच दिसतं.

[दृश्य: प्लास्टिकच्या कव्हरात कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या नोंदींचा कागद]

शरीराचे सात भाग, सात रकाने, सतत खोडाखोड. गोव्याच्या पावसात दमट कागद खोडरबरानं फाटतो, म्हणून शीट कव्हरात घालून वरून व्हाइटबोर्ड मार्करनं लिहायचं. हात गेलेला मावळा उपचार होईपर्यंत बाहेर. तोवर खेळाडूला दुसरं पात्र द्या. पहिल्यांदा खेळताना पाच-सहाच प्यादी घ्या आणि एका बाजूला एक जास्त ठेवा.