नाव झाकून दाद मागता येते

श्रोतेहो, नमस्कार. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या सरकारी केंद्रावर, औषधं मोफत मिळतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण कामावरून काढलं किंवा सासरच्यांनी घराबाहेर घातलं, तर गोळी काय करणार? तिथे कायदाच लागतो. आणि कोर्टाचं नाव काढलं की माणूस आधी विचारतो, "माझं नाव बाहेर येईल का हो?"

म्हणून 'एमएक्स' या नावाआड राहिलेल्या एका माणसाची हकीकत सांगतो. एका सरकारी कंपनीतला हा हंगामी कामगार. कायम होण्याची वेळ आली तेव्हा वैद्यकीय तपासणी झाली. अंगानं धडधाकट, कामाला तंदुरुस्त, पण रक्ताचा अहवाल आला एचआयव्ही पॉझिटिव्ह. झालं, कामगारांच्या यादीतून नाव कमी! मुंबई उच्च न्यायालयात जायचं, तर नाव फुटण्याची धास्ती. न्यायालयानं त्याला नाव झाकून लढू दिलं. कागदोपत्री अर्जदार झाला 'एमएक्स' आणि कंपनी झाली 'झेडवाय'. १९९७ साली निकाल लागला. माणूस काम करू शकतो, त्याच्यापासून सोबतच्यांना धोका नाही, तर नुसत्या एचआयव्हीपायी त्याची भाकरी हिरावता येणार नाही. त्याला यादीत परत घ्या, बुडालेल्या कमाईपोटी ४० हजार रुपये द्या, असा आदेश झाला. अख्ख्या निकालपत्रात त्याचं खरं नाव कुठेही नाही. पुन्हा सांगतो, नाव झाकून दाद मागता येते.

आता तर २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदाच आहे, सप्टेंबर २०१८पासून लागू. ओळख लपवून खटला चालवायची सोय त्यातच आहे. नोकरी, दवाखाना, शाळा, भाड्याचं घर, कुठेही भेदभाव चालणार नाही. बाई असो की अठरा वर्षांखालचं मूल, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. विधवा सुनेला "तुझं इथे काय?" म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

वकिलाच्या फीची काळजी? जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न विचारात घेत नाहीत.

तर नंबर लिहून घ्या. एचआयव्हीविषयी विचारायला १०९७, कायदेशीर मदतीला १५१००. पुन्हा सांगतो, एक शून्य नऊ सात. आणि एक पाच एक शून्य शून्य.