मानशीवरचा तास

श्रोतेहो, नमस्कार.

फोंडा तालुक्यातील जुवारीकाठच्या एका गावात, तिथल्या हायस्कूलमध्ये आयुष्यभर विज्ञान शिकवलेले आमचे सर गेल्या पावसाळ्यात निवर्तले. त्यांचे माजी विद्यार्थी शाळेच्या सभागृहात जमले, श्रद्धांजलीची औपचारिक भाषणे झाली, आणि त्यानंतर कोणीही न सुचवता एकेक जण उठून सरांनी शिकवलेला एखादा धडा सांगू लागला. तो धडा कुठे झाला, हातात काय होते, काय मोजले आणि काय निघाले, हे सारे तपशिलासह सांगितले जात होते. विज्ञानाच्या शिक्षकाचे स्मरण असेच व्हावे, असे मला मनापासून वाटते. प्रेमळ, शिस्तप्रिय, निःस्वार्थी ही विशेषणे कोणत्याही भल्या माणसाला लावता येतात. शिकवण्याची रीत मात्र त्या शिक्षकाची स्वतःची असते, आणि आज तिच्याविषयीच मी आपल्याशी बोलणार आहे.

आमच्या पिढीतील बहुतेकांचे प्राथमिक शिक्षण गावच्या सरकारी मराठी शाळेत झाले. गोवा मुक्त झाल्यावर, विशेषतः 1963 साली भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आल्यानंतर, अशा शाळा खेडोपाडी निघाल्या आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणी पाटी धरली नव्हती अशी मुले शिकू लागली. पुढे हायस्कूलमध्ये मात्र इंग्रजी माध्यम असे, आणि विज्ञानाचे पुस्तक उघडले की अर्धे पान डोळ्यांपुढून नुसतेच सरकत जाई. सरांनी यावर काढलेला मार्ग साधा होता. ते आधी वस्तू दाखवीत, मग तिच्याविषयी आम्हाला मराठीत किंवा कोंकणीत, ज्याला जशी सुचेल तशी, मनसोक्त चर्चा करू देत आणि सर्वांत शेवटी पुस्तक उघडायला सांगत. तोवर पुस्तकातले वाक्य ओळखीचे झालेले असे. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, थोड्या परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि पितळी तराजू. त्यामुळे दाखवण्याच्या बहुतेक वस्तू शाळेच्या कुंपणाबाहेरच असत.

सभेत सर्वाधिक जणांनी सांगितलेली आठवण मानशीवरच्या तासाची होती. शहरातील श्रोत्यांसाठी थोडे स्पष्ट करतो. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीहून खाली असलेली, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. या बांधात पाण्याच्या वाटा ठेवलेल्या असतात, अशा वाटेला मानस म्हणतात आणि तिला लाकडी झडपा बसवलेल्या असतात. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा दाब झडप मिटवतो, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही; सुकती म्हणजे ओहोटी लागली आणि आतल्या पाण्याची पातळी वरचढ झाली की तेच पाणी झडप बाहेरच्या बाजूला ढकलून खाडीत उतरते. पावसाळ्यात भातशेतीचे रक्षण या व्यवस्थेवर अवलंबून असते, आणि मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते तेव्हा गावाला त्यातून पैसाही मिळतो.

द्रवाचा दाब हा धडा सुरू होणार होता, त्या दिवशी सरांनी सुकतीची वेळ पाहून वर्ग बांधावर नेला. तिथे त्यांनी एकच प्रश्न विचारला: बाहेर एवढी विशाल जुवारी आणि आत एवढीशी पोय, म्हणजे खाजनातला पाण्याचा साठा, मग ही पोय जुवारीला मागे सारून झडप उघडते तरी कशी? कोणालाही उत्तर येईना. त्यांनी आम्हाला खुणा केलेले दोन बांबू दिले, एक आत आणि एक बाहेर उभा करायला लावला, आणि पाणी उतरत असताना दोन्हींवरची पातळी वहीत लिहायला सांगितली. बाहेरची पातळी आतल्या पातळीच्या खाली काही बोटे गेली, तशी झडप करकरत हलली. दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, पसाऱ्यावर नाही, हे वाक्य आम्ही नंतर पुस्तकात वाचले, पण त्याआधी ते आम्ही ओल्या पायांनी उभे राहून पाहिले होते.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते सरांची खरी थोरवी तिच्यात होती. आमच्या वर्गात मानस सांभाळणाऱ्या घरातला एक मुलगा होता. वर्गात तो कधी तोंड उघडत नसे आणि परीक्षेतही जेमतेम पास होई. झडपेचे लाकूड कोणते घ्यावे, ती खाली किती ठेवावी, खेकडे बांध कुठे पोखरतात आणि चिखलाने ते भोक कसे बुजवावे, हे सारे त्याला ठाऊक होते. सरांनी त्याला पुढे बोलावले आणि स्वतः आमच्यासोबत बांधावर बसून वही काढून त्याचे सांगणे उतरवून घेतले. आपले शिक्षक आपल्या वर्गमित्राकडून शिकत आहेत, हे दृश्य आम्ही त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. तो मित्र आज गावच्या टेनंट्स असोसिएशनच्या, म्हणजे खाजनाची देखभाल करणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेच्या, कामात आहे आणि बांध फुटला की लोक प्रथम त्यालाच हाक मारतात. सभेत तो बोलायला उठला तेव्हा त्याला बराच वेळ शब्द फुटेना.

खाडीच्या पाण्याचेच दुसरे एक काम वर्षभर चाले. दर महिन्याला ठरलेल्या घाटावरून, भरतीच्या वेळी, एक लिटर पाणी आणायचे, ते आटवायचे आणि मागे उरलेले मीठ पितळी तराजूत तोलायचे. खुल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. आमच्या घाटावरचे पाणी उन्हाळा वाढत जाई तसतसे त्या आकड्याकडे सरके आणि आषाढात मात्र भांड्याच्या तळाशी जवळजवळ गाळच उरे. पावसाचे गोडे पाणी नदीतून उतरून समुद्राला मागे रेटते आणि पाऊस संपला की समुद्र पुन्हा वर चढतो, हे आम्ही स्वतः तोलून काढले होते. आमची एक वर्गभगिनी पुढे सागरविज्ञान शिकली. 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला आहे. तिथली उपकरणे पहिल्यांदा पाहिली तेव्हा आपण शाळेत हेच करत होतो हे ओळखून आपली भीती गेली, असे तिने सांगितले.

आता ग्रहणाविषयी. 16 फेब्रुवारी 1980 रोजी, शनिवारी दुपारी, भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. गावात ग्रहण पाळायचे ठरले होते. दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, चूल पेटवायची नाही, मुलांना बाहेर सोडायचे नाही. सरांनी आदल्या आठवड्यात घरोघरी जाऊन पालकांची भेट घेतली. त्यांनी कोणाच्या समजुतीची थट्टा केली नाही. सूर्याकडे थेट पाहिल्याने डोळ्यांना खरोखरच इजा होते, म्हणून तुमची काळजी योग्य आहे, आणि म्हणूनच मी मुलांना आकाशाकडे न पाहता जमिनीकडे पाहायला शिकवणार आहे, असे त्यांनी समजावले. बरीच घरे कबूल झाली. शाळेच्या आंब्याखाली पानांच्या फटींतून पडणारे एरवीचे गोल कवडसे त्या दुपारी कोरीसारखे झाले, अंगण त्या कोरींनी भरून गेले, आणि प्रत्येक कोर म्हणजे सूर्याचीच प्रतिमा आहे हे सरांनी पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून दाखवून दिले.

सभेत यावरून वाद झाला. काहींना त्या दिवशी पूर्ण काळोख झाल्याचे ठामपणे आठवत होते. मग नकाशा काढला. खग्रासाच्या पट्ट्याची मध्यरेषा कर्नाटकातील अंकोल्याच्या बाजूने गेली होती आणि फोंडा त्या पट्ट्याच्या उत्तरेला राहत होता. म्हणजे आमच्या गावी सूर्याची बारीक कोर शेवटपर्यंत उरली असली पाहिजे. आठवणीपेक्षा नोंदीवर विश्वास ठेवावा, हे सरांनी लावलेले वळण त्यांच्या शोकसभेतही सुटले नाही, याचा मला अभिमान वाटतो.

या ठिकाणी गोव्यातील माशेलचे सुपुत्र, शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांची आठवण येणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या युनियन हायस्कूलमधील भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला आणि ऊर्जा एकवटली की काय साधते ते सांगितले, हा प्रसंग माशेलकर जाहीर भाषणांतून अनेकदा कृतज्ञतेने सांगत आले आहेत. आमच्या सरांचा एकही विद्यार्थी इतक्या उंचीवर पोहोचला नाही. परंतु कोणी परिचारिका झाली, कोणी वीजखात्यात लागला, कोणी काजूची भाटी, म्हणजे दारू गाळण्याची भट्टी, चालवतो, आणि या सर्वांना आपापल्या कामात मोजून पाहण्याची सवय आहे. शिक्षकाचे मोल ठरवताना हेही जमेस धरायला हवे.

या पद्धतीला वेळ लागे. अभ्यासक्रम मागे पडतो अशी पालकांची तक्रार असे आणि ती अगदीच निराधार नव्हती. शालान्त परीक्षेच्या आधी सर पहाटे जादा तास घेत, त्याचे पैसे घेत नसत, आणि लांबून येणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या घरून चहा आणि पोळे, म्हणजे धिरडी, येत.

आम्ही माजी विद्यार्थ्यांनी आता सरांच्या प्रयोगांची एक वही तयार करायला घेतली आहे. प्रत्येक प्रयोगाचे साहित्य, कृती, जागा आणि आम्हाला आलेले आकडे तिच्यात असतील, म्हणजे आजच्या शिक्षकांना ते प्रयोग जसेच्या तसे करून पाहता येतील. मिठाच्या नोंदींतील पावसाळ्यानंतरच्या काही महिन्यांची पाने सापडत नाहीत, आणि भाटीवर ऊर्ध्वपातन शिकवताना सरांनी कोणती तापमाने लिहून घेतली होती यावर आमच्यात एकमत नाही. हे बोलणे ऐकणाऱ्यांपैकी कोणी सरांच्या वर्गात बसले असेल आणि त्यांच्या माळ्यावर जुन्या वह्या असतील, तर त्या कृपया शाळेत पोहोचवाव्यात. उतरवून घेऊन आम्ही त्या परत करू.

नमस्कार.