लख्ख तांबं, काळं तांबं

विटा, जिल्हा सांगली. इथल्या माणसाला धातू काय चीज आहे हे सांगायची गरज नाही, खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत. आणि अल्कोहोल म्हणाल तर आपला पट्टाच उसाचा, मळीपासून इथेनॉल निघतंच. आज या दोघांची गाठ घालून बघू.

ही तांब्याची तार. चिमट्यात धरून बर्नरवर लाल केली, बाहेर काढली की काळी पडली, हवेतला ऑक्सिजन बसला तिच्यावर. आता गरम आहे तोवर इथेनॉलच्या वाफेत सोडायची (बर्नर आधी बंद करा, घाई नको)... आणि बघा, तार परत लख्ख गुलाबी! वास पण बदलला, नाकात जरा झणझणतंय ना, ते ॲसिटाल्डिहाइड. इथेनॉलनं आपले दोन हायड्रोजन दिले, तारेवरचा ऑक्सिजन घेतला, त्याचं पाणी झालं.

मग काळा थरच नसला, तांबं एकदम स्वच्छ असलं, तर काम आणखी जोरात होईल असं वाटतं की नाही? मलापण वाटायचं. झालं उलटंच.

पण स्वच्छ म्हणजे चिंचेनं घासलेला तांब्या नव्हे हां. साध्या हवेत धातूवर सेकंदाच्या अब्जाव्या भागात वायूच्या रेणूंचा थर बसू शकतो, म्हणून प्रयोगशाळेत स्टीलच्या बंद डब्यातली हवा एवढी उपसतात की दाब बाहेरच्यापेक्षा काही लाख कोटी पट कमी होतो. मग आर्गॉन वायूच्या आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करून वरचे अणू उडवायचे, तापवायचं, परत मारा, परत तापवायचं.

असं तांबं खूप थंड करून त्यावर मिथेनॉल (इथेनॉलचाच धाकटा भाऊ, एका कार्बनचा अल्कोहोल) सोडलं तर ते टेकतं, आणि जरा ऊब मिळाली की बहुतेक सगळं जसंच्या तसं उडून जातं. आधी थोडा ऑक्सिजन बसवून ठेवला की मात्र तो मिथेनॉलच्या ओएचमधला (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीतला) हायड्रोजन काढून घेतो, उरलेला तुकडा, म्हणजे मेथॉक्सी, ऑक्सिजनच्या टोकानं तांब्याला चिकटतो, आणि 80-100 अंशाला त्याचं फॉर्माल्डिहाइड होतं. चांदीचंही असंच. फॉर्मॅलिनच्या (पाण्यात विरघळवलेल्या फॉर्माल्डिहाइडच्या) कारखान्यात मिथेनॉल आणि हवा 600 अंशाच्या वर तापलेल्या चांदीच्या दाण्यांवरनं नेतात ते उगाच नाही.

प्लॅटिनम, निकेल यांचा स्वभाव वेगळा, त्यांना ऑक्सिजनची वाट बघायला लागत नाही. स्वच्छ पृष्ठभागावरच मिथेनॉलचे सगळे हायड्रोजन काढून टाकतात आणि मागं उरतो कार्बन मोनॉक्साइड. तो जागा अडवून बसतो, कामच ठप्प. मिथेनॉलवर चालणाऱ्या फ्युएल सेलमधे (इंधनापासून थेट वीज करणाऱ्या घटात) हीच डोकेदुखी, म्हणून तिथं प्लॅटिनमच्या शेजारी रुथेनियम बसवतात, तो पाण्याकडनं ऑक्सिजन घेतो आणि शेजाऱ्याची अडलेली जागा मोकळी करून देतो.