टंगस्टनचं चिन्ह डब्ल्यू का?

अणुक्रमांक ७४. नाव टंगस्टन, चिन्ह मात्र डब्ल्यू. नावात कुठेच नसलेलं हे अक्षर आलं कथलाच्या भट्टीतून.

[दृश्य: वाहत्या पाण्यात धुतली जाणारी खनिजाची भरड]

जर्मनीतलं सॅक्सनी आणि चेक देशातलं बोहेमिया यांच्या सीमेवर एर्त्सगेबिर्गे ही डोंगररांग आहे. तिथे कथलाचं खनिज कुटून वाहत्या पाण्यात धुऊन घेत. गारगोटीची घनता सुमारे २.६५, कथलाच्या खनिजाची ७च्या आसपास. त्यामुळे गारगोटी वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. पण खडकातल्या त्याच शिरांमध्ये आणखी एक काळं खनिज सापडायचं, घनता ७.१ ते ७.५. पाण्याला या दोघांतला फरक कळणार कसा? दोन्ही एकत्रच भट्टीत जायची. आज हे काम चुंबक करतो. काळं खनिज जोरदार चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, कथलाचं नाही.

भट्टीत कोळसा कथलाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि कथील वितळून खाली उतरतं. काळ्या खनिजात असतं लोह, मँगॅनीज आणि टंगस्टन. हे टंगस्टन मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या टाकाऊ थरात जातं, मळी दाट होते आणि कथील तिच्यातच अडकतं. लांडगा मेंढरं फस्त करतो तसं हे खनिज कथील खातं, असं म्हटलं जायचं. १५४६ मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ गेओर्ग आग्रिकोला यांनी लॅटिनमध्ये त्याला ‘लुपी स्पूमा’ म्हटलं, म्हणजे लांडग्याचा फेस. जर्मन शब्द ‘वोल्फ्राम’, रोमन लिपीत डब्ल्यूने सुरू होणारा; चिन्ह आलं ते इथून. त्यातला ‘वोल्फ’ म्हणजे लांडगा हे नक्की. उरलेल्या ‘राम’चा अर्थ कोणी साय लावतात, कोणी काजळी. काळ्या खनिजाला काजळीच जास्त शोभते.

[दृश्य: पांढुरका शेलाइट दगड, हातात तोललेला]

‘टंगस्टन’ मात्र स्वीडिश. ‘तुंग’ म्हणजे जड, ‘स्टेन’ म्हणजे दगड. हा दगड वेगळा, कॅल्शियम टंगस्टेटचा. १७८१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी त्यातून नवं आम्ल मिळवलं, धातू नाही. दगडाला आता शेलाइट म्हणतात. आणि गंमत म्हणजे खुद्द स्वीडिश भाषेत या धातूचं नाव आहे वोल्फ्राम!

१७८३, स्पेनमधलं बेर्गारा. हुआन होसे आणि फाउस्तो एलुयार या भावांनी काळ्या खनिजातून पिवळी भुकटी काढली. ती शेले यांच्या आम्लाशी जुळली. मग कोळशाच्या पुडीत मिसळून, झाकलेल्या मुशीत तिला कडक आच दिली. वितळलेला धातू मिळणं शक्यच नव्हतं, त्याला ३४२२ अंश सेल्सियस लागतात. निघाला तो बोटांनी चुरगळणारा गोळा, आत धातूचे बारीक कण. नाव त्यांनी खनिजाचंच ठेवलं.

आययूपीएसी या रसायनशास्त्रातली नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००५च्या नामावलीतून ‘वोल्फ्राम’ हा पर्याय वगळला. धातू ज्यांनी पहिल्यांदा वेगळा केला त्यांनी दिलेलंच नाव कसं काय गाळता, असा आक्षेप स्पॅनिश रसायनशास्त्रज्ञांनी घेतला. चिन्हाला कोणी हात लावला नाही.