एकतिसावं पान

(नागपुरात, सीताबर्डीवरच्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? बरं.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'नवीन पानाची पारख आणि डेकची बांधणी'. तासभर वेळ आहे, आणि बरोबर साडेसातला हे सभागृह भजनी मंडळाला द्यायचंय, असं अध्यक्षांनी मला दोनदा सांगितलंय. तेव्हा लगेच सुरू करते.

आत्ता जिना चढताना एका मुलानं मला थांबवलं. तो इथेच बसलाय, दुसऱ्या रांगेत. म्हणाला, "मॅडम, सोळाशे डस्ट जमलीय. नवीन लेजेंडरी बनवू का? चांगलं आहे का ते पान?" जे हार्थस्टोन खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ब्लिझार्ड कंपनीचा हा पत्त्यांचा खेळ २०१४ साली आला. संगणकावर किंवा फोनवर खेळायचा. आपण तीस पानांची डेक बांधायची. एक पान जास्तीत जास्त दोनदा घेता येतं, लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ प्रकारचं पान, असेल तर एकदाच. मॅना म्हणजे पान उतरवायला मोजायची किंमत. पहिल्या डावाला, म्हणजे आपल्या पहिल्या पाळीला, एक मॅना, दुसऱ्याला दोन, असं करत दहापर्यंत, आणि त्या मॅनावर पानं उतरवायची. समोरच्याचं आयुष्य तीस, ते शून्यावर आणलं की जिंकलो. डस्ट म्हणजे पानं बनवायचा कच्चा माल. लेजेंडरी बनवायला सोळाशे डस्ट लागते आणि तीच मोडली तर हातात चारशे येतात. चार मोडाव्या तेव्हा एक बनते. कॉलेजात शिकणाऱ्या पोराच्या दृष्टीनं ही कित्येक आठवड्यांची कमाई झाली. त्यामुळे त्याचा प्रश्न मला हलका वाटला नाही.

पण उत्तर मी तिथे दिलं नाही. गेली दहा वर्षं मी हेच सांगत आलेय की 'पान चांगलं आहे का' या प्रश्नाला उत्तरच नसतं. उत्तर असतं ते 'तुझ्या तीसातलं कोणतं पान काढतोस' या प्रश्नाला. नवीन पान नेहमी एकतिसावं असतं. ते आत यायचं तर कोणाला तरी बाहेर जावं लागतं.

हे मी कुठे शिकले ते सांगू का? इथल्याच महाल भागात, आजीकडे.

इथे मेंढीकोट हा पत्त्यांचा खेळ कोणाकोणाला येतो? हात वर करा बरं. बघा, मागच्या चार रांगांत सगळे हात वर, पुढच्या रांगांत तीन. पोरांनो, घरी जाऊन आजीला विचारा, एका संध्याकाळीत शिकवेल.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की नागपुरात दुपारी बारा ते पाच कोणी दाराबाहेर पाऊल टाकत नाही. आजीकडे वाळ्याच्या ताट्या लावलेल्या असायच्या, त्यांच्यावर पाणी मारायचं, आणि सतरंजीवर पत्त्यांचा कॅट पडायचा. चार जण, समोरासमोरचे भिडू. तेरा-तेरा पानं. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम, आणि त्यांच्या खाली दश्शी. ती दश्शी म्हणजे मेंढी. चार मेंढ्या, आणि सगळा खेळ त्या जास्तीत जास्त आपण जिंकलेल्या हातांत आणायचा. चारही आणल्या तर मेंढीकोट.

आता बघा, दश्शी हे किती चमत्कारिक पान आहे. स्वतःच्या बळावर ते फारसं काही जिंकत नाही. वर चार जण बसलेत. पण भिडूनं एक्का टाकला की त्याच्यावर हीच दश्शी सोन्याची होते. भिडूकडे एक्का नसेल, तर हातातली मेंढी म्हणजे जिवाला घोर. कधी टाकू, कुठे लपवू. मी आठ-नऊ वर्षांची होते. आजीची भिडू झाले होते आणि बदामाची मेंढी घट्ट धरून बसले होते. आजीनं बदामाचा एक्का उतारला, आणि मी त्याच्यावर टाकली बदामाची तिर्री. मला वाटलं, एवढं भारी पान, जपून ठेवू. पुढच्या फेरीला समोरच्यानं बदामाचा राजा आणला. माझ्याकडे बदामात ती मेंढीच तेवढी उरली होती, टाकावीच लागली. आजी म्हणाली, "काऊन वं पोरी, मेंढी पकडून काऊन बसली होती? लोणचं घालाचं होतं का तिचं?"

सगळे हसले, मी रडले. मग तिनं मला कैरीचं पन्हं दिलं आणि समजावलं की पान पाहू नको, भिडू पाहा. तिच्या त्या दोन शब्दांच्या पलीकडचं पान-पारखीचं शास्त्र मला अजून कुठे सापडलेलं नाही. डेकमधली बाकीची एकोणतीस पानं हेच आपले भिडू. त्यांच्यात एक्का असेल तर ही दश्शी घ्या.

आणि तरीही डिसेंबर २०१४ मध्ये मी तीच चूक परत केली. ते सांगायलाच हवं, कारण त्यातच सगळा विषय आहे.

'गॉब्लिन्स व्हर्सेस नोम्स' हा संच येत होता, हार्थस्टोनचा पहिला मोठा विस्तार. त्यात सात मॅनाच्या दोन लेजेंडरी होत्या. एक ट्रॉगझॉर, सहा अटॅक म्हणजे मारायची ताकद, सहा हेल्थ म्हणजे जीव. समोरच्यानं कोणताही स्पेल, म्हणजे एकदा परिणाम करून संपणारं पान, टाकला की आपल्याला तीन-पाचचा, म्हणजे तीन अटॅक आणि पाच हेल्थचा, एक ट्रॉग फुकट. तो ट्रॉग विकत घ्यायचा तर पाच मॅना पडतात. वाचतानाच तोंडाला पाणी सुटतं. दुसरी डॉक्टर बूम. सात-सात, आणि सोबत एक-एकचे दोन बूम बॉट. बॉट मेला की शत्रूपैकी कोणावर तरी एक ते चार नुकसान.

तेव्हा सगळ्यांच्या मनात एक भीती होती, बिग गेम हंटर. तेव्हा तीन मॅनाचं असलेलं हे पान, ज्याचा अटॅक सात किंवा जास्त त्याला जागच्या जागी मारतं. मी वहीत मांडणी केली, खरोखर वहीत, कारण मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि मांडणी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. बूमचा अटॅक सात, म्हणजे हंटरच्या तोंडी. ट्रॉगझॉरचा सहा, म्हणजे वाचला. शिवाय फुकटचे ट्रॉग. निकाल स्पष्ट. साठवलेली सगळी डस्ट मी ट्रॉगझॉरवर घातली.

पुढच्या महिन्याभरात काय झालं? मी ट्रॉगझॉर उतरवायचे, आणि समोरचा स्पेल टाकायचाच नाही. तो आपल्या मिनियननी, म्हणजे पटावर उभं राहून लढणाऱ्या पानांनी, आधी ट्रॉगझॉरला मारायचा, आणि मग निवांत स्पेल टाकायचा. माझं बक्षीस त्याच्या हातात होतं आणि तो ते देत नव्हता. मी मागे पडलेली असताना तर आणखी वाईट. सात मॅना खर्च करून पटावर फक्त एक सहा-सहा उभा, आणि बाकीचा मार चालूच.

डॉक्टर बूमला लोक हंटरनं मारत होतेच, माझा हिशेब तिथपर्यंत बरोबर होता. पण बूम मेला तरी ते दोन बॉट मागे राहायचे आणि जाता जाता आणखी दोघांना घेऊन जायचे. जुन्या संचात वॉर गोलेम नावाचं साधं पान होतं, सात मॅना, सात-सात, बाकी काही नाही. बूम म्हणजे तो गोलेम आणि वर दोन बॉम्ब. एवढं साधं मला दिसलं नाही, कारण मी बूमची तुलना ट्रॉगझॉरशी करत बसले होते. ज्या पानाच्या जागी तो येणार होता त्याच्याशी केलीच नाही. पुढे जवळजवळ प्रत्येक डेकमध्ये बूम दिसायला लागला, आणि एप्रिल २०१६ मध्ये फक्त अलीकडच्या संचांची पानं चालणारा स्टँडर्ड प्रकार आला, गॉब्लिन्सचा संच त्यातून बाहेर गेला, तोवर त्यानं राज्य केलं. मी शेवटी बूम बनवला तो फेब्रुवारीत, चार लेजेंडरी मोडून. त्यातली पहिली ट्रॉगझॉर होती.

इथे माझं एक गाऱ्हाणं सांगून टाकते. नवा संच जाहीर झाला की लोक सगळी पानं एकापाठोपाठ घेतात आणि पाचपैकी तारे देतात. याला चार, याला दोन. पोरं ते बघून डस्ट खर्च करतात. तारे देणाऱ्यांची मेहनत मी नाकारत नाही, त्यातले बरेच माझ्यापेक्षा कितीतरी चांगले खेळाडू आहेत. पण मेंढीला किती तारे द्यायचे, सांगा ना? भिडूच्या एक्क्यावर पाच, आणि समोरच्याच्या राजाखाली उणे पाच. ज्या डेकमध्ये ते पान जाणार तिचं नाव न घेता दिलेला तारा वाचणाऱ्याच्या काय कामाचा? मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या ताऱ्यांवर विसंबून माझ्या ओळखीच्या किती मुलांनी महिन्याची कमाई घालवलीय ते मी पाहिलंय.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. वीस मिनिटं? पंधरा. अरे देवा, बांधणी तर सगळीच राहिली. भराभर सांगते, लिहून घ्या.

नवीन पान दिसलं की आधी ते आपण मागे पडलेलो असताना हातात आलंय असं समजा. पुढे असताना सगळीच पानं चांगली दिसतात. मग बघा, फायदा मिळायला समोरच्यानं काही करावं लागतं का? लागत असेल तर किंमत अर्धी करा. आणि मग मोजमाप. जुना हिशेब असा की साध्या पानाचे अटॅक आणि हेल्थ मिळून मॅनाच्या दुपटीपेक्षा एक जास्त. चिलविंड येती चार मॅनाचा, चार-पाच, बेरीज नऊ. मजकूर असलेलं पान यापेक्षा जितकं कमी, तितकी त्या मजकुराची किंमत आपण मोजतोय.

पण छापलेली मॅना खरी असतेच असं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कॉरिडॉर क्रीपर आला, सात मॅनाचा पाच-पाच. मोजमापानं अगदीच सुमार. पण तो हातात असताना जो मिनियन मरेल त्याच्यामागे एक मॅना कमी. मिनियन भराभर मारणाऱ्या-मरणाऱ्या डेकमध्ये तो फुकट उतरायला लागला. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा अटॅक पाचावरून दोनावर आणावा लागला. म्हणून विचारायचं, माझ्या डेकमध्ये हे खरं कितीला पडेल?

आता बांधणी. आधी ठरवा की डेक कोणत्या डावाला जिंकणार. वेगवान डेक असेल तर एक ते तीन मॅनाची पानं वीसच्या आसपास ठेवा आणि मोठ्या पानांचा मोह सोडा. मग शक्यता मोजा. पहिली खेळी आपली असेल तर सातव्या डावापर्यंत दहा पानं हातात येतात, सुरुवातीची तीन आणि नंतरची सात. तीसात एकच असलेलं पान त्यात मिळण्याची शक्यता तेहेतीस टक्के. दोन ठेवली तर निदान एक मिळण्याची छप्पन्न. आणि ज्यांना दोन लेजेंडरींचा कॉम्बो, म्हणजे एकत्र टाकायची जोडी, लावायचाय त्यांनी नीट ऐका, दोन्ही हातात असण्याची शक्यता साधारण दहा टक्के. सुरुवातीला पानं बदलून ती थोडी वाढते. तरी ज्या डेकचा जीव त्या दहा टक्क्यांत अडकलाय तिच्यात पानं ओढणारी पानं भरपूर हवीत, आणि त्यांनाही जागा त्या तीसातूनच द्यायचीय.

२०२२ मध्ये प्रिन्स रेनाथल आला, त्याला घेतलं तर चाळीस पानांची डेक आणि चाळीस आयुष्य. लोकांना वाटलं, चला, एकतिसाव्याची चिंता मिटली. पण तेहेतीसचे पंचवीस टक्के झाले की! जागा वाढली तसा प्रत्येक पानाचा भरवसा घटला. पुढे ते आयुष्यही पस्तीसवर आणलं. यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं, राहू द्या.

शेवटचं, तपासणी. नवीन पान घातलं, दहा खेळले, सात जिंकले, म्हणजे पान भारी, असं कृपा करून म्हणू नका. दहा वेळा नाणं उडवलं तर सात किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सतरा टक्के आहे. त्यापेक्षा प्रत्येक खेळानंतर एका कागदावर एवढंच लिहा, ते पान हातात आलं तेव्हा मला काढलेलं जुनं पान हवं होतं का? हो किंवा नाही. तीस-चाळीस नोंदी झाल्या की उत्तर समोर येतं. मी ट्रॉगझॉरसाठी हा कागद ठेवला असता तर दुसऱ्या आठवड्यातच कळलं असतं.

हो, टाळांचा आवाज येतोय, मंडळी बाहेर येऊन थांबलीत. दोन मिनिटं.

दुसऱ्या रांगेतल्या माझ्या दोस्ता, तू डेक उघडून ठेवलीयस, मला दिसतंय. मी सगळा वेळ बघतेय, तू वरखाली करतोयस. सांग, कोणतं काढतोस? ... नाही सांगता येत? मग सोळाशे तशीच राहू दे. खाली पोह्यांच्या गाडीपाशी ये. तर्री घेऊन बसू आणि तीसही पानं एकेक करून बघू.