आज बोट जास, सकाय पाय जाई

नमस्कार श्रोतेहो, रामराम. सकाळचे चहाचे कप अजून हातात असतील, राहू द्या, चहा घेता घेताच ऐका.

आज बोलायचंय सवयीबद्दल. हल्ली जो तो सांगतो की २१ दिवस करा, सवय लागते. ते २१ दिवस म्हणजे १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने स्वतःच्या पेशंटबद्दल लिहिलेलं निरीक्षण, सवयीचा अभ्यास नव्हे तो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ लोकांवर खरा अभ्यास झाला, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ लागले तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब आला. पुन्हा सांगतो, सरासरी ६६ दिवस. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फार काही बिघडत नाही हेही दिसलं. त्यामुळे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यातच खोट आहे असं समजून सोडून देऊ नका.

हे सगळं मला समजलं मात्र शेताच्या पाण्याच्या पाटावर, माझ्या आईच्या वडलांमुळे.

आबा पाटकरी होते. पांझरा नदीकाठच्या लोकांना फड सांगायला नको, पण शहरातल्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली सगळ्या गावाची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, कुठल्या फडात काय घ्यायचं ते पंच मिळून ठरवणार आणि पाणी सोडणार तो फक्त पाटकरी, शेतमालकाने पाण्याला हात लावायचा नाही. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर तीनशे वर्षांहून जास्त हे असंच चालत आलंय.

तर दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावी, बारा वर्षांचा. आबा उजाडायच्या आत उठायचे, डोक्याला टॉवेल, खांद्यावर फावडं, आणि बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत पाटाच्या काठाने चालायचे. रोज. पाणी चालू असो नसो. चहा परत आल्यावर. वाटेत खेकड्याचं बीळ दिसलं की वाकून चिखलाचा गोळा आत दाबायचा, पायाने चेपायचा, पुढे. एकदा मी म्हटलं आबा एवढ्याशा बिळातून कितीसं पाणी जाईल, तर म्हणाले, "आज बोट जास, सकाय पाय जाई." आज बोट जातं, उद्या पाय जाईल.

मग एक दिवस आबांना ताप भरला. मला म्हणाले तू जाऊन ये पाटावरून, आणि मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू, फावडं माझ्यापेक्षा उंच, तरी खांद्यावर टाकून निघालो. तिसऱ्या वळणावर बीळ दिसलं, अंगठ्याएवढं. दिसलं, नक्की दिसलं. पण पोरं नदीवर वाट बघत होती, म्हटलं उद्या बुजवू. घरी येऊन सांगितलं, सगळं ठीक आहे.

रात्री पाट फुटला.

जागल्या, म्हणजे रात्रीचा राखणदार, ओरडत आला, कंदील घेऊन माणसं धावली. आबा अंगावर घोंगडी घेऊन, तापातच, सगळ्यात आधी पाण्यात उतरले. कुणाला हुकूम केला नाही, हाका मारल्या नाहीत, नुसते उतरले आणि त्यांच्यामागे दहा-बारा जण उतरले. पोत्यांत वाळू भरली, पळसाच्या फांद्या टाकल्या, दोन-अडीच तासांनी पाणी थांबलं. पण फडाच्या टोकाला एका मावशीचं शेत होतं, एकटी बाई, त्या रात्री तिच्या गव्हाला पाणी द्यायची पाळी होती ती गेली, पाणी सगळं नाल्यात.

मी रडत रडत खरं सांगितलं. आबा रागावले नाहीत. सकाळी पुढची पाळी आमच्या शेताची होती ती त्यांनी मावशीला दिली आणि आमचं शेत यादीत शेवटी टाकलं. मामा चिडला, आपला गहू वाळेल म्हणाला, तर आबा एवढंच बोलले, "चूक आपला घरनी शे, ते बारी बी आपलाच घरनी जाई." चूक आपल्या घरची आहे, तर पाळीही आपल्याच घरची जाईल.

आमचा गहू त्या वर्षी कमी आला, पण पाळीवरून पंचांसमोर आबांशी भांडायला मग कुणी आलं नाही. मामासुद्धा नंतर पाटावर जायला लागला.

आता पाट काँक्रीटचे होतायत, पाणी वाचतं, चांगलंच आहे, पण रोज काठाने चालणारा माणूस कमी झाला याचं मला वाईट वाटतं, आणि हे मी जिथे जातो तिथे बोलतो. काँक्रीटलाही तडा जातो, तो बघायला कुणी हवा ना. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखलं, त्या कामातल्या तिथल्याच चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, ते जंगलही गावाने नियम करून, रोज लक्ष ठेवूनच राहिलं.

तर कामाचं सांगतो, दोनदा सांगतो. फेरी रोजची, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या वाटेने. दुकान असेल तर शटर उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आत एक चक्कर, घर असेल तर रात्री झोपताना एक, शेतात ड्रिप असेल तर सकाळी नळीच्या टोकापर्यंत जाऊन या. मोबाईल नंतर बघा, ते गुड मॉर्निंगचे फोटो कुठे पळून जात नाहीत. आणि दिसलं ते त्याच दिवशी बुजवायचं, थकलेलं बिल, नळाचा वायसर, एखाद्याला न केलेला फोन. पुन्हा सांगतो, फेरी रोजची आणि दिसलं ते त्याच दिवशी.

माझ्याकडे स्वतःचंच एक बीळ आहे, धाकट्या भावाशी दोन महिने बोललो नाहीये. इथून बाहेर पडलो की आधी त्याला फोन लावणार. नमस्कार.