दिसाले लय भारी, पण मारल्यावानी वाटते का?

(पडद्यावर: मे महिन्यातली दुपार. खिडकीत घरघरणारा कूलर. टेबलावर एका बाजूचं झाकण काढलेला कॉम्प्युटर, त्याच्या उघड्या पोटाकडे तोंड करून ठेवलेला टेबलफॅन.)

२००८ चा मे. नागपुरात, नंदनवनमधल्या एका घराच्या वरच्या खोलीत आम्ही नऊ-दहा पोट्टे दाटीवाटीनं बसलो होतो. बाहेर असं ऊन की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. आम्ही एक गेम बघायला जमलो होतो. खेळायला नाही, बघायला. मित्राच्या वडिलांनी बारावीच्या निकालाआधीच नवीन मशीन घेऊन दिलं होतं, आणि त्यावर क्रायसिस हा गेम चालतो अशी बातमी गल्लीभर झाली होती.

मित्रानं पॅराशूटची उडी दाखवली. समुद्रात पडणं दाखवलं. अंधारातला किनारा, झाडी, दगड. मग तो कड्यावर पोचला आणि समोर पहाट झाली. खाली खाडी पसरलेली, पाण्यावर तिरपं ऊन, झावळ्यांच्या फटींतून उतरणारे किरण. खोलीतली बडबड थांबली. कोणीतरी हळूच म्हणालं, "हे खरं आहे बे!" आणि त्याला कोणी हसलं नाही.

मग माऊस माझ्या हातात आला.

मी मान वळवायला माऊस सरकवला, तर चित्र क्षणभर मागे राहिलं आणि मग धावत आलं. झाडीत एक सैनिक दिसला. नेम धरला, बटण दाबलं. नळीच्या तोंडाशी जाळ दिसला, आवाजही झाला, पण सैनिक होता तिथेच उभा. पुन्हा दाबलं. आणखी गोळ्या गेल्या. लागल्या की नाही हेच कळेना. मग तो पडला, पण कोणत्या गोळीनं पडला हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या मागे मित्राचा धाकटा भाऊ उभा होता, सहावी-सातवीतला. तो म्हणाला, "दिसाले त लय भारी आहे, पण मारल्यावानी वाटून नाही राहिलं."

ही फिल्म त्या एका वाक्याबद्दल आहे.

(पडद्यावर: क्रायसिसमधलं जंगल. पानं बाजूला सारत जाणारा हात.)

क्रायसिस नोव्हेंबर २००७ मध्ये आला. बनवला होता क्रायटेक या जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या कंपनीनं. ही येर्ली आडनावाच्या तीन भावांची कंपनी, आणि याआधी २००४ मध्ये त्यांचा फार क्राय गाजला होता. क्रायसिसची गोष्ट २०२० सालातली, कल्पित बेटांवरची. नायकाच्या अंगात एक खास सूट. त्याच्या जोरावर तो काही वेळ बळकट होतो, वेगानं पळतो, कवच चढवतो किंवा चक्क दिसेनासा होतो.

पण जगभर गाजलं ते या गेमचं दिसणं. कोणी नवं मशीन घेतलं की पुढची कित्येक वर्षं पहिला प्रश्न ठरलेला: यावर क्रायसिस चालतो का? यामागे एक चुकलेला अंदाज होता. प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूच्या, एकेका कोअरचा (आतल्या काम करणाऱ्या भागाचा) वेग असाच वाढत जाईल असं धरून गेमचं इंजिन, म्हणजे तो चालवणारा सांगाडा, बांधलं होतं. प्रत्यक्षात वेग वाढायचा थांबला आणि चिपमध्ये कोअरची संख्या वाढू लागली. त्यामुळे पुढे आलेल्या तगड्या मशीनवरही हा गेम मधूनच दम टाकायचा.

आणि आमच्या नागपुरात त्यात मे महिन्याची भर. पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड, त्याच्यावरचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो. खोलीत ४० अंश असतील तर ती हवा चिपला काय थंड करणार? एका मर्यादेपलीकडे तापलं की कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. नंदनवनातल्या त्या खोलीत दर अर्ध्या तासानं गेम थांबवून आम्ही कार्डाला आराम देत होतो. कूलरची हवा आमच्याकडे आणि टेबलफॅन कार्डाकडे, अशी वाटणी होती.

(पडद्यावर: बर्डीतली एक गल्ली. शटर अर्धं वर. आत अंधार, पडद्यांचा निळसर उजेड.)

त्याच वर्षांत आमची बाकीची संध्याकाळ जायची बर्डीतल्या एका सायबर कॅफेत. तिथे चालायचा काउंटर-स्ट्राइक १.६. मूळ १९९९ चा, हाफ-लाइफ या १९९८ च्या गेमवर दोन तरुणांनी हौसेनं चढवलेला खेळ. पुढे वाल्व्ह कंपनीनं तो हाती घेतला आणि २००३ मध्ये १.६ आला. दिसायला अगदी साधा. भिंती म्हणजे चिकटवलेले फोटो, माणसांचे हात ठोकळ्यासारखे, आकाश म्हणजे एक मळका पडदा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवरही तो चालायचा, म्हणून तर कॅफेवाल्या दादांना परवडायचा.

पण डस्ट टू नावाच्या नकाशावर, म्हणजे खेळाच्या मैदानात, एके बंदूक घेऊन तुम्ही कोपऱ्यावर थांबलात, समोरून डोकं बाहेर आलं आणि पहिलीच गोळी बसली, तर हेल्मेटवर वाजणारा तो "टिंग" मला अजून ऐकू येतो. एकेची पहिली गोळी डोक्यात लागली तर हेल्मेटही वाचवत नाही. पुढच्या गोळ्या नेम सोडून वर वर चढत जातात, पण मनमानी नाही. त्या चढण्यालाही एक वळण आहे आणि ते हाताला शिकता येतं. दोन-तीन महिन्यांनी मनगट आपोआप खाली ओढायला लागतं.

शिवाय सगळी मशीन एकाच खोलीत एका तारेनं जोडलेली. इंटरनेटवरचा उशीर नाही. आणि तुम्ही ज्याला मारलं तो पलीकडच्या खुर्चीवरून तिथल्या तिथे ओरडायचा: "कोण होता बे तो!" असा जबाब कुठलं ग्राफिक्स कार्ड देणार?

तिथे कोणी कधी म्हटलं नाही की चित्र चांगलं नाही.

(पडद्यावर: मातीवर रेघ. पोराच्या बोटांत काचेचा कंचा.)

या गोष्टीचं मूळ मला कॉम्प्युटरच्या फार आधीच्या खेळात दिसतं. गोट्यांना आम्ही नागपुरात कंचे म्हणतो. अंगठा जमिनीला टेकवायचा, मधलं बोट दुसऱ्या हातानं धनुष्यासारखं मागे ओढायचं, एक डोळा बारीक करायचा आणि सोडायचं. नेम बसला तर तीन गोष्टी एका क्षणात होतात. "टक" असा कोरडा आवाज येतो. समोरचा कंचा उडून दूर जातो. आणि आपला कंचा त्याच्या जागेवर येऊन स्वतःभोवती फिरत थांबतो. कानाला कळतं, डोळ्याला कळतं, आणि ताणून सोडलेल्या बोटाला सगळ्यांत आधी कळतं. नेम हुकला तरी किती हुकला ते धुळीतल्या रेघेवर दिसतं.

चांगला शूटर, म्हणजे गोळीबाराचा, गेम हेच करू पाहतो. फक्त तिथे कंचाही खोटा आणि मातीही खोटी, म्हणून बोटाला मिळणारा जबाब कोणीतरी बसून घडवावा लागतो. बंदुकीचा झटका किती, पडदा किती हलायचा, आवाज कोरडा की घुमणारा, गोळी खांद्यात लागली तर माणूस कोणत्या बाजूला वळायचा, पायात लागली तर अडखळायचा की नाही. काही गेम तर फटका बसला की चित्र पापणी लवण्याइतका वेळ गोठवतात. ते थांबणं आपल्याला वेगळं दिसत नाही, पण फटक्यात वजन येतं.

आणि हा जबाब वेळेत यावा लागतो. सेकंदाला ६० चित्रं काढायची तर एका चित्राच्या वाट्याला येतात साधारण १६.७ मिलिसेकंद. ३० काढायची तर ३३ च्या थोडं वर. तेवढ्यात मशीननं सगळं उरकायचं: तुमच्या बोटाची दखल, शत्रूची हालचाल, आवाज, आणि जंगलातल्या प्रत्येक पानाची सावली. बटण दाबल्यापासून पडद्यावर फरक दिसेपर्यंत अशी दोन-चार चित्रं सहज निघून जातात. म्हणून पानांच्या सावल्यांवर जास्त वेळ गेला की तो हाताच्या हिश्शातून कापला जातो. त्या दुपारी नेमकं हेच झालं होतं. त्या चिमुरड्या पोराला हे आकडे माहीत नव्हते, पण त्याच्या डोळ्यांनी ते बरोबर पकडले.

(पडद्यावर: धुकं, दगडी रस्ता, दिव्यांचा पिवळा उजेड.)

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे अवघड गेलेलं आहे. किलझोन २ या शूटर गेमचा ट्रेलर २००५ मध्ये दाखवला तेव्हा लोक थक्क झाले, पण ते दृश्य खेळातलं नव्हतंच, आधी वेगळं तयार केलेलं होतं. खरा गेम २००९ मध्ये आला. दिसायला देखणा निघाला, पण नेम जड, हात चिखलात असल्यासारखा, अशी तक्रार इतक्या जणांनी केली की कंपनीला पुढे तो सुधारावा लागला.

द ऑर्डर: १८८६ हा २०१५ चा. जुनं लंडन, कोटाच्या कापडाची वीण दिसेल इतकं बारीक काम. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून चित्र सिनेमासारखं रुंद केलेलं, चित्रं सेकंदाला ३०. त्यात एक विलक्षण बंदूक आहे. आधी ती जळणाऱ्या भुकटीचा ढग सोडते, मग दुसरं बटण दाबून तो ढग पेटवायचा. दोन टप्प्यांचा जबाब! मला ती इतकी आवडली की प्रत्येक दालनात मी तिचीच वाट बघायचो, आणि गेम मात्र मला पुन्हापुन्हा थांबवून नुसतं बघायला लावायचा. अशा वेळी राग येतो, कारण हे बनवणाऱ्यांना जमत होतं.

(पडद्यावर: पुन्हा क्रायसिस. किनारा, पत्र्याच्या छपराची झोपडी.)

एवढं बोलून मी क्रायसिसवर अन्याय करणार नाही. काही वर्षांनी माझ्या स्वतःच्या पगारातून मशीन घेतलं आणि डिसेंबरच्या थंडीत तो गेम पहिल्यापासून खेळलो. या वेळी चित्र हाताच्या बरोबर चाललं. आणि तेव्हा कळलं की इथलं सौंदर्य भिंतीवर टांगलेलं नाही. ते हाताला लागतं.

ताडाच्या झाडावर गोळ्या झाडा, खोड जिथे लागलं तिथून तुटतं. झुडपातून चाला, पानं खांद्याला घासून बाजूला होतात. सूटनं अदृश्य होऊन गवतात बसा, समोरचा सैनिक तुमच्या इतक्या जवळून जातो की श्वास रोखला जातो. अदृश्य असताना गोळी झाडली तर सूटची सगळी शक्ती एका फटक्यात संपते आणि तुम्ही उघडे पडता. म्हणजे प्रत्येक गोळीची किंमत आहे. बंदूक डोळ्यांसमोर आडवी धरून चालत्या लढाईत तिला सायलेन्सर लावता येतो, दुर्बीण काढता येते.

आणि ती झोपडी. आत दोघं-तिघं. मी खिडकीतून हातबॉम्ब टाकला. भिंतीचे पत्रे वेगवेगळे उडाले, छप्पर एका बाजूनं कललं, क्षणभर थांबलं आणि मग कोसळलं. खुर्चीत एकटाच होतो, तरी मोठ्यानं ओरडलो. चित्र आणि हात इथे एकत्र आले होते. टक, उडालेला कंचा आणि फिरत थांबलेला आपला कंचा.

दुःख एवढंच की हे शेवटपर्यंत टिकत नाही. डोंगराच्या पोटात परग्रहवासीयांचं जहाज सापडतं. त्यात वजन नाहीसं होतं आणि आपण तरंगत राहतो. बाहेर येतो तेव्हा जंगल बर्फानं गोठलेलं असतं. दिसायला अप्रतिम. पण आता शत्रू हवेत भिरभिरणारे. गोळी लागल्याचं त्यांच्या अंगावर धड कळत नाही. लपायला गवत नाही, कोसळायला झोपडी नाही. वाटही अरुंद होते. जे सगळ्यांत छान जमलं होतं तेच हातातून काढून घेतलेलं.

चित्र आणि हात, दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत निभतात याचा पुरावा म्हणून मी २०१६ चा डूम हा गेम दाखवतो. जखमी राक्षस चमकायला लागतो, त्याच्या अंगावर धावून जाऊन त्याला संपवलं की तुमची तब्येत भरून येते. मागे लपायचं कारणच ठेवलेलं नाही. देखणा आहे, आणि वेगात कुठे तडजोड नाही.

(पडद्यावर: संध्याकाळ. फुटाळा तलावाच्या कठड्यावर मोबाइलवर वाकलेली चार पोरं.)

आजची पोरं काय करतात हे बघायला आम्ही फुटाळ्यावर गेलो. बीजीएमआय हा मोबाइलवरचा ऑनलाइन शूटर गेम चालू होता. चौघांचेही फोन चांगले, पण सेटिंग उघडून बघितलं तर चित्राचा दर्जा अगदी खालचा, स्मूथ. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या मात्र फोन देईल तेवढी. गवत कमी, सावल्या नाहीत. मी विचारलं, "फोन एवढा भारी आहे, मग ग्राफिक्स कमी काहून ठेवलं?"

फोनवरून नजर न काढता एकानं उत्तर दिलं, "दादा, सुंदर दिसून काय करू? समोरचा आधी दिसला पाहिजे ना."

(पडद्यावर: रात्र. निवेदकाचं टेबल. पडद्यावर पहाटेची खाडी.)

दर वर्षी मे सरला, पहिला पाऊस येऊन गेला आणि खोली जरा निवली की मी क्रायसिस पुन्हा लावतो. कड्यावरची पहाट बघतो. किनाऱ्यावरच्या सगळ्या झोपड्या पाडतो, एकेक करून, घाई न करता. डोंगरातल्या खाणीच्या तोंडाशी आलो की थांबतो. तिथून पुढे मी आता जात नाही. मागचा सेव्ह उघडतो आणि परत समुद्राकडे येतो.